कोरा उतारा, भरलेला उतारा

पत्र पुण्यात राहणाऱ्या चाळिशीतल्या एका वाचक ताईंचं आहे. माहेर जिल्ह्यातच, उसाच्या पट्ट्यात. चुलत भाऊ त्यांच्या वडिलांच्या शेताला लागून असलेलं सव्वा एकर रान विकतोय आणि “बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच घे” म्हणतोय. त्यानं सातबाऱ्याची झेरॉक्स दाखवली, इतर हक्कात, म्हणजे कर्जाची नोंद होते त्या रकान्यात, काही नाही. ताईंचे यजमान म्हणतात, वकिलाकडून सर्च, म्हणजे जुन्या कागदांची तपासणी, काढल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. हे काकूंच्या कानावर गेलं आणि त्या म्हणाल्या, “आता घरातल्या घरात वकील आणणार का?” ताई तेव्हापासून गप्प आहेत.

त्यात आणखी एक सल आहे. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, वारसनोंद झाली आणि उताऱ्यावर ताईंचं नाव पहिल्यांदा आलं. त्याच पानावर विकास सोसायटीचा 1,20,000 रुपयांचा बोजा दिसला. कर्ज फिटल्याचं वडील सांगायचे. “दादाचा उतारा कोरा आणि आमचाच डागाळलेला, मी कोणत्या तोंडानं त्याच्याकडे कागद मागू?” असं त्या विचारतात. पैसे उभे करायला त्या पुण्यातल्या फ्लॅटवर कर्ज काढणार आहेत. फ्लॅटचं जुनं कर्ज चार वर्षांपूर्वी संपलंय. या नव्या कर्जाची सरकारदरबारी नोंद होते असं त्यांनी ऐकलंय आणि ती सासऱ्यांना दिसेल का, ही तिसरी काळजी.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘डागाळलेला’ या शब्दाशी थांबले. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली आहेत. तिथं टेबलावर येणारा प्रत्येक उतारा आम्ही आधी उजव्या बाजूनं वाचायचो. तिथं बोजा दिसला म्हणून कुणाचं तोंड वाकडं झाल्याचं आठवत नाही. उलट, बागायत रान, घरात तीन कर्ती माणसं आणि उतारा अगदी कोरा, असं दिसलं की आमचे साहेब चष्मा वर करून विचारायचे, “मग हे पैसे आणतात कुठून?” सोसायटीतून नाही, बँकेतून नाही, म्हणजे कदाचित सावकाराकडून. आणि सावकाराचं कर्ज सातबाऱ्यावर येत नाही.

म्हणून आधी उताऱ्याकडेच पाहू. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा रकाना वेगळा आणि ज्याला आपण ‘इतर हक्क’ म्हणतो तो ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना वेगळा. सोसायटीचं नाव या दुसऱ्या रकान्यात आहे. याचा अर्थ जमीन सोसायटीची झाली असा नाही. ती तुम्हा वारसांचीच आहे, फक्त तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क सांगितलेला आहे. सोसायटीचं कर्ज घेताना तुमच्या वडिलांनी एका कागदावर सही केली असणार. गावात त्याला ‘इकरार’ म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 48 प्रमाणे केलेला तो जाहीरनामा. ‘या जमिनीवर मी कर्ज घेतोय, फिटेपर्यंत ती विकणार नाही’ असं त्यात कबूल केलेलं असतं. त्यावरून तलाठी फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, घालतो आणि बोजा चढतो. आता हेच काम ऑनलाइन होतं आणि त्याला ‘ई-करार’ म्हणतात.

समोर लिहिलेला आकडा म्हणजे आजची बाकी, असा बहुतेकांचा समज असतो. ती इकराराच्या दिवशी ठरलेली मर्यादा असते. वडिलांनी नंतर दर हंगामात फेड केली असेल, कारखान्यानं ऊसबिलातून सोसायटीची वसुली कापून घेतली असेल, 2017 च्या किंवा 2019 च्या कर्जमाफीत शिल्लक रक्कम गेली असेल, तरी तो 1,20,000 चा आकडा उताऱ्यावर जसाच्या तसा बसून राहतो. पैसे फिटले की बोजा आपोआप उतरत नाही. कुणीतरी जाऊन उतरवावा लागतो, आणि वडील कदाचित गेले नसतील. ऊसबिलातून कर्ज फिटलेली किती माणसं दाखला आणायला सोसायटीच्या पायऱ्या चढतात? पुढच्या हंगामात पुन्हा कर्ज घ्यायचंच असतं, मग बोजा राहिला काय आणि गेला काय.

तेव्हा आधी हा बोजा जिवंत आहे की मेलेला, हे बघा. सोसायटीच्या सचिवांकडून वडिलांच्या नावाचा खातेउतारा मागा. बाकी शून्य असेल तर बेबाकी दाखला घ्या आणि तो जोडून बोजा कमी करण्यासाठी तलाठ्याकडे किंवा महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज करा. फेरफार निघेल, नोटीस लागेल, हरकतीचे पंधरा दिवस जातील, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. दप्तर सापडत नाही असं सचिव म्हणाले तर जिल्हा बँकेच्या शाखेत विचारा, सोसायटीचा पैसा बहुधा तिथूनच आलेला असतो. तिथंही काम झालं नाही तर सहकार खात्याचे तालुक्याचे सहायक निबंधक आहेत. आणि बाकी निघालीच तर घाबरू नका. वडिलांचं देणं वारसांवर येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतं. तुमच्या पगाराला त्यासाठी कुणी हात लावू शकत नाही.

आता दादाचा कोरा उतारा. झेरॉक्सवर तारीख बघितलीत का? पत्रात ती नाही, म्हणून विचारते. उतारा हा त्या दिवशीचा फोटो. दोन वर्षांपूर्वीचा फोटो दाखवून आज माणूस कसा दिसतो ते सांगता येत नाही. डिजिटल सहीचा ताजा सातबारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो. गट क्रमांक माहीत असला की झालं, त्यासाठी दादाची परवानगी लागत नाही, त्याला कळवावंही लागत नाही. त्या उताऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक व दिनांक’ अशा दोन ओळी असतात. सगळे रकाना बघतात, या ओळी कुणी वाचत नाही. मागच्या महिन्यात बोजाचा अर्ज गेला असेल आणि नोंद अजून मंजूर झाली नसेल, तर इतर हक्क कोरेच दिसतील, पण प्रलंबितपुढे क्रमांक असेल. तो क्रमांक ‘आपली चावडी’ या फेरफार नोटिशींच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोटीस कशाची आहे ते कळतं.

तेवढ्यानंही भागत नाही, कारण सगळीच गहाणखतं तलाठ्यापर्यंत पोचत नाहीत. नोंदणीकृत गहाणखत किंवा साठेखत (विक्रीचा आधी केलेला करार) झालं असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, सापडतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, त्यात गाव आणि गट टाकून वर्षवार बघता येतं. यजमान ज्याला ‘तीस वर्षांचा सर्च’ म्हणत असतील, तो वकील याच कागदांतून काढतो. तुम्ही स्वतः बघितलंत तरी शेवटी वकिलाकडून लेखी अहवाल घ्याच. जुन्या फेरफारांत एखाद्या आत्याचं नाव कसं गळालं, हे वाचायला सराव लागतो.

आणि कर्ज आणि बोजा यांतला फरक ध्यानात ठेवा. दादावर कर्ज आहे का, हे उतारा सांगत नाही. या रानावर कर्ज आहे का, तेवढंच सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतचं शेतीकर्ज तारणाशिवाय द्यायचं आहे. असं कर्ज दादावर असेल तर ते दादाच्या मागे राहील, जमिनीच्या मागे नाही. त्याची चौकशी तुम्ही करू नका. तो खरंच त्याचा खाजगी मामला आहे. बोजा मात्र रानाबरोबर तुमच्याकडे येतो.

तुमच्या मनात जे घर करून बसलंय त्याकडे आता येते: नोंद म्हणजे बदनामी, आणि नोंद बघणं म्हणजे संशय. तुमच्या माहेराहून सुपे फार लांब नसावं. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली, आणि त्यांचा रोख होता कर्जखतांवर, रोख्यांवर. कागद बाहेर काढून जाळले. का? कर्ज कुणावर किती, हे फक्त सावकाराच्या पेटीत होतं. लिहिणारा तो, वाचणारा तो, आणि अंगठा उठवणाऱ्याला आपण काय कबूल केलं ते ठाऊक नाही. या दंग्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यानं करून दिलेला रोखा गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावा, असं त्यात आलं. कर्ज उघड्यावर आणण्याचा एक मोठा खटाटोप आपल्या भागात कर्जदाराला वाचवायला झालेला आहे, ताई. तुमच्या उताऱ्यावरच्या त्या ओळीकडे मी त्याच नजरेनं बघते. वडिलांनी सोसायटीतून घेतलं, पेटीवाल्याकडून नाही.

बँकांना नोंदीची घाई असते ती मात्र तुमच्यासाठी नाही, एकमेकींसाठी. शहरातल्या फ्लॅटचं कर्ज म्हणजे बहुतेक वेळा मूळ करारनामा बँकेत ठेवायचा, बस्स. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मुंबईसारख्या ठरावीक शहरांना ही सोय होती, पुढे ती आणखी शहरांना मिळाली. दस्त ठेवला की गहाण झालं, वेगळा कागद नोंदवायची गरज नाही. माणसं याचा फायदा घेत. चांगल्या मशीनवर करारनाम्याची कलर झेरॉक्स काढायची आणि एकच फ्लॅट तीन बँकांकडे ठेवायचा. एक ‘मूळ’ प्रत मी स्वतः हातात घेतलेली आहे. शिक्क्याची शाई बोटाला खरखरीत लागायला हवी होती, ती गुळगुळीत होती, तेवढ्यावरून पकडली. बोटावर किती दिवस विसंबणार? 2011 च्या मार्चअखेर ‘सरसाई’ ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली. कोणत्या मालमत्तेवर कोणत्या बँकेचा हक्क आहे ते त्यात नोंदवायचं. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला 1 एप्रिल 2013 पासून ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ आली. दस्त बँकेत ठेवून कर्ज घेतलं की तीस दिवसांत कर्जदारानं दुय्यम निबंधकाकडे तशी सूचना दाखल करायची. एजंट त्याला ‘एनओआय’ म्हणतात आणि पावती तुमच्या हातात द्यायला विसरतात. ती मागून घ्या, कारण चुकलं तर शिक्षेचं कलम तुमच्यावर लागतं, बँकेवर नाही.

24 जानेवारी 2020 पासून तर सरसाईत नोंद नसलेल्या धनकोला ‘सरफेसी’ या बँकांच्या वसुलीच्या कायद्यानं मालमत्तेचा ताबा घेता येत नाही, आणि नोंद असलेल्याची वसुली सरकारी करांच्याही आधी लागते. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं 2022 मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. रांगेत आधी नंबर लावायची ही धडपड आहे. तुमची अब्रू त्यात कुठंच नाही.

सासऱ्यांना दिसेल का? हो. सरसाईवर किरकोळ शुल्क भरून कुणीही शोधू शकतं, एनओआय ई-सर्चमध्ये सापडते आणि तुमच्या फ्लॅटच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभासद नोंदवहीत बँकेचं ‘लीन’, म्हणजे तिच्या हक्काची नोंद, लागतं. त्या सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्या सासऱ्यांबरोबर सकाळी फिरायला जात असतील तर सरसाईपर्यंत जायचीही गरज नाही. पगार, हप्ते थकले की नाही, पैसे कशाला घेतले, यातलं काही तिथं दिसत नाही. पण घर बँकेकडे ठेवलंय हे दिसतं. ते लपवून ठेवता येत नाही, म्हणून ते तुम्ही आधी स्वतः सांगा.

पण सांगण्याआधी जरा बसून विचार करा, कारण इथं माझं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे. सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. फ्लॅटला होतो. हप्ते नव्वद दिवस थकले की खातं थकीत, मग साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावता बँक ताब्याच्या वाटेला लागू शकते. म्हणजे कायद्यानं सर्वांत लवकर हातातून जाऊ शकणारी वस्तू, आणि तीही राहतं घर, तुम्ही तारण ठेवताय, आणि घेताय काय तर वर्षाला एक पीक देणारं रान. ऊसबिलावर हप्ता भरायचा बेत असेल तर बिल कधी येतं ते आईंना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. हप्ता तुमच्या दोघांपैकी एकाच्या पगारात बसत असेल तरच पुढं जा. नाहीतर सव्वा एकराऐवजी निम्मं घ्यायचं किंवा दादाकडे दोन टप्प्यांत पैसे द्यायची मुदत मागायची, हे दोन्ही मार्ग मला जास्त बरे वाटतात. निम्मं घेताना तुकडेबंदीत, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे करू न देणाऱ्या कायद्यात, बसतं का, तेवढं आधी तपासा.

आणखी एक खाचखळगा आहे. कर्ज फ्लॅटवर असल्यामुळे बँकेचा वकील फ्लॅटचे कागद तपासेल. रानाचे नाही. ‘बँकेनं एवढं सगळं बघितलं की!’ म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी पाहिली आहेत. त्या रानाकडे तुमच्याशिवाय कुणीही बघणार नाहीये.

फ्लॅटवरही आधी तुम्ही स्वतः एकदा शोध घ्या. चार वर्षांपूर्वी कर्ज संपलं तेव्हा मूळ करारनामा परत घेतलात, नाहरकत पत्र घेतलंत, ठीक. पण जुन्या बँकेनं सरसाईतली नोंद बंद केली का? गृहनिर्माण सोसायटीला लीन उठवल्याचं पत्र गेलं का? माझ्या थोरल्या भावानं जुनी व्हॅन घेतली होती. मूळ मालकाचे हप्ते केव्हाच फिटलेले, आरसीवरची एचपी, म्हणजे कर्जाची नोंद, मात्र तशीच. ज्या फायनान्सवाल्यानं फॉर्म 35 वर सही करायची, त्यानं तोवर दुकानच गुंडाळलेलं. दीड वर्ष भाऊ आरटीओच्या खिडकीशी उभा राहिला. घराच्या बाबतीत आता नियम कडक झालाय. 1 डिसेंबर 2023 पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेनं तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदलेला बोजाही काढायचा, तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये कर्जदाराला द्यायचे. हे बँका, सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांना लागू आहे. तुमचं कर्ज त्याआधी संपलं, त्यामुळे भरपाईचा हा आकडा तुम्हाला मिळणार नाही, पण नोंद बंद करून मागायचा हक्क आहेच. लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. गावची विकास सोसायटी रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाही. तिथं मुदतीचा नियम दाखवून सचिवांवर डाफरू नका, काम आणखी लांबेल.

समजा, दादाच्या ताज्या उताऱ्यावर बोजा निघालाच. तेवढ्यावरून व्यवहार मोडायचं कारण नाही. शेतकऱ्याच्या रानावर सोसायटी असायचीच. फक्त तो उतरल्याशिवाय खरेदीखत करू नका, कारण कलम 48 मुळे बोजा असताना केलेली विक्री कायद्यानं टिकत नाही. ठरलेल्या रकमेतली बाकीएवढी रक्कम थेट सोसायटीच्या नावानं चेकनं द्या, बेबाकी दाखला घ्या, बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होऊ द्या, आणि उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी दादाला. विसार द्यायचाच असेल तर तो नोंदणीकृत साठेखतात लिहा. नुसत्या नोटरीच्या कागदावर नको. आपल्या आधी दुसऱ्या कुणाला असाच नोटरीचा कागद मिळालेला असू शकतो आणि तो कुठल्याच नोंदवहीत दिसत नाही.

यासाठीच वकील पेपरात जाहीर नोटीस देतात. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ वाचून हरकतदार असेल तर पुढं येतो. नातेवाइकाच्या व्यवहारात ती द्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. द्यावी, असं माझं मत, पण दादाला आदल्या दिवशी सांगून. पेपर टपरीवर आधी वाचला जातो आणि घरी नंतर येतो. नोटिशीत त्याचं नाव त्याला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं, तर काकूंचं म्हणणं खरं झाल्यासारखं होईल.

राहिलं कोणत्या तोंडानं मागू ते. मागायचं जवळजवळ काहीच नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. ताजा सातबारा, फेरफार, सूची दोन, हे सगळं तुम्ही स्वतः काढू शकता. दादाकडून लागेल फक्त त्याच्या सोसायटीचा दाखला. तो मागायला जाताना तुमचा उतारा बरोबर घेऊन जा, बोजासकट. “दादा, आप्पांचा हा बोजा राहिलाय, सोमवारी मी सचिवांकडे चाललेय बेबाकी आणायला. तुझाही दाखला त्याच फेरीत काढू, येतोस का बरोबर?” एवढंच म्हणा. गाडी त्याला चालवू द्या.